थरथर

आधी ती यायची.
थाप न मारता आत आली असं कधी झालं नाही.
ओठांभोवती मुंग्या,
मानेवर गार घाम,
मग हातातला खडू आपोआप
आठाचं पोट फाडून फळ्यावर भलतीकडे.
आले गं बाई, आले, म्हणत
मी गुळाचा खडा तोंडात टाकायचे.
सत्तावीस वर्षं असं चाललं.
भांडकुदळ शेजारीण, पण वेळेची पक्की.

मग कधीतरी तिनं येणं सोडलं.
केव्हा, ते नेमकं नाही सांगता येणार.
जी येत नाही तिची तारीख कोण लिहून ठेवतं?
मला वाटलं, सुधारले.

इंदिरानगर ते सिन्नर, रोजचा पाऊण तास.
शेजारच्या सीटवर वह्यांचा गठ्ठा,
पोटाच्या कातडीखाली सकाळचं इन्सुलिन,
आणि घरी ताटलीत अर्धे पोहे,
कारण सातवी ‘ब’चा पहिला तास.

त्या मंगळवारी
बिटको चौकात मी थांबले असणार.
उड्डाणपूल चढले असणार, उतरलेही असणार.
सायकलवाले, शाळेची मुलं, दुधाच्या किटल्या
सगळ्यांना चुकवत गेले असणार.
त्या सकाळीतलं
माझ्याकडे एवढंच उरलंय: असणार.

शिंद्याच्या टोलनाक्यावर दांडा वर गेला.
मी गेले नाही.
मागे आयशर, त्यामागे कांद्याचे ट्रॅक्टर,
हॉर्नचा नुसता गदारोळ,
आणि काचेआड मी हसत होते म्हणे.
संपत आव्हाड सांगतो, टोलवरचा पोरगा:
‘ताई, आधी वाटलं भांडायला थांबलात.
मग वाटलं, पिऊन.’
मागून एक जण म्हणालाही,
द्राक्षांचं गाव, सकाळीच सुरू.
संपतनं काचेवर टकटक केलं,
ताई, नाव काय तुमचं?
मी म्हणाले, ‘हजर.’

त्याच्या आत्याचं असंच व्हायचं,
म्हणून त्यानं ओळखलं.
किल्ली काढून घेतली, पळत गेला,
पलीकडच्या रसवंतीवरून बिनबर्फाचा रस आणला.

मला आठवतं ते तिथून पुढचं.
चरकाला बांधलेली घुंगरं,
आधी फार लांब, कुणाच्या तरी लग्नात,
मग जवळ,
मग कानातच.

अर्ध्या ग्लासानंतरही मीटरवर बेचाळीस.
हात बघितले.
स्थिर. दगडी मूर्तीसारखे.
आधी त्या स्थिरपणाचीच भीती वाटली,
समोरून जाणाऱ्या ट्रकांची नंतर.

क्षेमकल्याणी डॉक्टर म्हणाले,
साखर सारखी सारखी खाली गेली
की शरीर ओरडायचं सोडतं. घसा बसतो त्याचा.
आता काही आठवडे खाली जाऊच देऊ नका,
जरा वरच राहू द्या.
खुणा येतील परत, कदाचित.
तोवर स्टिअरिंगला हात नाही.
मी ते ‘कदाचित’ घेऊन घरी आले.
रिक्षानं.

किल्ली सुधन्वानं ठेवलीय,
कुठे, ते मी विचारलं नाही.
रात्री तीनचा गजर तोच लावतो,
माझं बोट तोच टोचतो, अर्धवट झोपेत,
आकडा पुटपुटतो आणि कूस वळवतो.
गाडी खाली उभी. धुळीनं भरलेल्या काचेवर
वॉचमनच्या मुलीनं ‘मला धुवा’ लिहिलंय,
‘धु’ ऱ्हस्व, बरोबर.
मी एसटीनं जाते.
खिडकीतून टोलनाका दिसतो,
संपत दिसला तर हात करते,
त्याला दिसत नाही.

काल, चौथ्या तासाला,
लसावि काढताना
अठ्ठ्याऐंशीतला दुसरा आठ तिरका गेला.
मला वाटलं खडू ओला असेल.
मग बोटं पाहिली.
हलत होती.
पिंपळाच्या पानासारखी वगैरे नाही,
साधी, कुरूप,
म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखी हलत होती.

‘बाई, रडताय?’ पहिल्या बाकावरची विचारत होती.
गूळ तोंडात होता, बोलता येईना.
मीटरवर एकसष्ट.

एकदाच आली.
एकदा येणं म्हणजे परत येणं नव्हे,
एवढं गणित मला कळतं.
किल्ली अजून मागितलेली नाही.